पोटातल्या टाळ्या

१

मी टाळ्या वाजवल्याच नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याला आमच्या गावच्या म्हाताऱ्या 'निकासोचा आगाऊपणा' म्हणतात. निकासो म्हणजे मी. वय एकोणीस. दोन वर्षं सुईणीचं काम शिकले आणि अर्ध्यावर सोडलं, म्हणून गावात माझं दुसरं नाव 'अर्धवट'.

यंदाच्या सणात माझ्याकडे आलेलं काम म्हटलं तर सोपं आहे. उन्हाळ्यात बायका डुकराची दूधपिती पिल्लं देवळामागच्या खड्ड्यात टाकतात. जिवंत. वर झाकण. चार महिने ती तिथं कुजतात. पेरणीच्या तोंडावर दामातेर देवीचा तीन दिवसांचा सण असतो. पुरुषांना बंदी, बाळंतिणी सोडून सगळ्या बायका देवळाच्या आवारात राहायला. त्या तीन दिवसांत रोज सकाळी एकजण दोराने खाली उतरते आणि कुजलेलं पोहऱ्यात भरून वर पाठवते. तिला 'उपसणारी' म्हणतात. वर आलेला चिखल देवीच्या ओट्यावर ठेवतात, जवाच्या बियाण्यात कालवतात, प्रत्येक घराला मूठभर देतात. ते बी शेतात जातं. त्याचे जव. जवाची भाकर. आमच्या दोरिस खोऱ्यातली चारही गावं ती भाकर खातात आणि देवीची कृपा म्हणून ढेकर देतात.

खड्ड्याला खड्डा म्हणायचं नाही. 'पोट' म्हणायचं.

नियम मला लहानपणापासून पाठ आहेत. पोटात नाग असतात, म्हणून उतरण्याआधी वरून तीन टाळ्या. खाली गेल्यावर तोंडातून शब्द काढायचा नाही. पोटातून माणसाचा आवाज आला तर झाकण लोटायचं, मग आत कोणी का असेना. वर यायचं असेल तर खालून तीन टाळ्या, की वरच्यांनी दोर ओढायचा. पोटातून वर आलेलं कोणी नाकारायचं नाही. एका वर्षी एका नव्या नवरीला ते हातात घेताच उलटी झाली, तर तिला दोन मुठी दिल्या. आणि शेवटच्या दिवशी, सगळं उपसून झालं की, रिकामा दोर एकदा खाली सोडायचा. तो कोरेसाठी, देवीच्या लेकीसाठी, जी खाली असते. थोडं थांबायचं, मग ओढायचा. दरवर्षी दोर रिकामा येतो. बायका रडतात, मग जेवतात.

पहिल्या दिवशी मी उतरले. कमरेला फास, हातात पणती. एकावर एक तीन पुरुष उभे राहतील एवढं खोल. तिथला वास आधी जिभेवर येतो, नाकाला नंतर कळतं. पाय टेकले ते घोट्यांच्या वर आत गेले. आणि ते कोमट होतं.

मी पणती कपारीत ठेवली आणि हातांनी भरायला लागले. जबडे, खूर, उकडलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून येणारी कातडी. पहिला पोहरा वर गेला. दुसरा अर्धा भरला होता, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात होते, आणि कमरेचा फास आवळला. दोर ताणला गेला. मी ओरडणार होते, नियम आठवला, ओठ चावला. मला वर ओढत होते.

२

"एवढ्यात दमलीस?" आर्खिप्पा म्हणाली.

आर्खिप्पा आमच्या गावची सुईण. तीस वर्षांत इथं जन्मलेलं प्रत्येक मूल आधी तिच्या हातात आलंय. मीसुद्धा. मी काम शिकले तेही तिच्याकडेच. सणात दोर तिच्या हाती असतो, सोबतीला चार दणकट बायका.

"ओढलंत कशाला? मी अजून भरत होते."

"तूच टाळ्या दिल्यास."

"मी नाही दिल्या, मावशी."

"तीन दिल्यास. नीट ऐकल्या मी."

"माझे हात बघ!" मी हात पुढे केले. कोपरापर्यंत काळपट पांढरा थर, त्यातून पाणी गळत होतं. "असल्या हातांनी टाळी वाजते का? फचाक होईल फक्त."

एक बाई हसली. आर्खिप्पाने तिच्याकडे पाहिलं तशी थांबली.

"पोटात आवाज फिरतो," आर्खिप्पा म्हणाली. "वरच्या टाळ्या खाली जाऊन उशिरा परत येतात."

"एवढ्या उशिरा? मी एक पोहरा भरला तोवर?"

"दोन वर्षं प्रश्न विचारलेस आणि पळून गेलीस. आता तरी तोंड आवर. हात धू."

मी हात धुतले. राख लावून, वाळू लावून, पुन्हा राख. वास गेला नाही. मी मनाशी म्हटलं, म्हातारी आता ऐकण्यातून गेली. वरच कोणीतरी पाठीवर बसलेली माशी मारली असेल. हे पटण्यासारखं होतं. मी ते पटवून घेतलं.

फक्त एक गोष्ट डोक्यातून जाईना. गेल्या वर्षीची उपसणारी लिसिक्सा. आधी चांगली बडबडी पोरगी होती. आता लग्नाच्या मांडवातसुद्धा कोणी टाळी वाजवली की कानांवर हात ठेवून खाली बसते. मला वाटायचं, नाटक करते.

३

मी हे घाणेरडं काम घेतलं ते देवीसाठी नाही. फिलिनासाठी घेतलं. फिलिना माझी थोरली बहीण.

सणाच्या दोन दिवस आधी ती बाळंत झाली. तिसरी मुलगी. मुलगी झाल्याची खूण म्हणून दारावर लोकरीचा झुपका टांगला, तशी तिची सासू तिमाक्सा म्हणाली, "या घरात मेंढ्या कमी आहेत का, म्हणून आणखी लोकर?" फिलिनाचा नवरा तेलेसोन काहीच म्हणाला नाही. तो कधीच काही म्हणत नाही. आई आहे ना म्हणायला. पाचव्या दिवशी बापाने बाळ उचलून चुलीभोवती फिरवायचं असतं. फिरवलं तर मूल घरातलं. नाही फिरवलं तर सुईण येते, टोपलीत घालते आणि ओइताच्या डोंगरावर ठेवून येते. "कोणी ना कोणी नेतं," असं म्हणतात. मेंढपाळ नेतात, शेजारच्या फोकिसचे व्यापारी नेतात. नेलेलं मूल पुन्हा पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

पाचवा दिवस म्हणजे सणाचा तिसरा दिवस. त्या दिवसाला 'सुजन्माचा दिवस' म्हणतात. नाव ठेवणारीला लाज नसणार.

"तू उतरलीस तर मी तेलेसोनशी बोलते," आर्खिप्पा मला म्हणाली होती. "माझा शब्द तो मोडत नाही. यंदा उतरायला कोणी तयार नाही, तू अडीनडीला ये."

मी विश्वास ठेवला. तेही मी. वास्तविक मी तिचं काम ज्या दिवशी सोडलं तो दिवस मला चांगला आठवतो. लोहाराची मुलगी टोपलीत घालून ती सकाळी निघाली. मला म्हणाली, तू पाणी तापत ठेव. डोंगराच्या त्या कड्यापर्यंत जाऊन यायला अर्धा दिवस लागतो. पाणी उकळायच्या आत ती परत आली. डोंगराची वाट तांबड्या मातीची आहे. तिच्या वहाणांना तांबडी माती नव्हती.

मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गेले नाही, एवढंच. आई विचारायची, का सोडलंस गं? मी म्हणायचे, कंटाळा आला. गावाला राग येतो तो मी काम सोडल्याचा. मला स्वतःची किळस येते ती मी फक्त काम सोडल्याची.

४

दुसऱ्या दिवशी मी ठरवून उतरले. हात पोहऱ्याच्या कडेला घट्ट धरून ठेवायचे. टाळी आली तर ती माझी नाही, हे निदान मला तरी नक्की माहीत असेल.

आज चिखल खाली गेला होता. भिंतीच्या कडेचा उंच दगड उघडा पडला होता. पणती तिकडे धरली. दगडावर पिल्लांची डोकी मांडलेली होती. ओळीने, सगळ्यांची नाकाडं एका दिशेला. मी म्हटलं, पाणी चढलं असेल, उतरलं असेल, कवट्या अडकल्या असतील. पावसाच्या लोंढ्यानंतर नदीकाठी लाकडं अशीच ओळीने लागतात.

शेवटचं डोकं कापडात गुंडाळलेलं होतं.

मी ते हातात घेतलं. कुजलेल्या लोकरी कापडाची अरुंद पट्टी. बाळांना बांधायला आम्ही तसल्याच पट्ट्या वापरतो. खांद्यापासून सुरुवात, उलटसुलट वेढे, शेवटचं टोक टाचेखालून घेऊन आत खोचायचं, म्हणजे बाळाने कितीही लाथा मारल्या तरी सुटत नाही. ही गाठ गावात दोघींनाच येते. आर्खिप्पाला आणि तिने शिकवल्यामुळे मला. डुकराच्या पिल्लाला टाच नसते. तरी टोक मानेखालून घेऊन आत खोचलं होतं. चुकीचं, ढिलं, पण गाठ तीच. बघून बघून शिकल्यासारखी. किंवा आपल्याच अंगावरची सोडवून शिकल्यासारखी.

हे वाक्य माझ्या डोक्यात आलं आणि मी ते तिथंच मोडलं. जन्मलेलं मूल दोन दिवससुद्धा दुधावाचून जगत नाही. मी शिकलेय हे. इथं वर्षातून एकदा डुकरं पडतात. नाग आहेत. थंडी आहे. नाहीच जगत.

माझे दोन्ही हात त्या डोक्याभोवती होते.

माझ्या पाठीमागे, माझ्या कमरेच्या उंचीवर, टाळी वाजली. मऊ. ओली. तळवे पूर्ण न जुळता वाजते तशी. मग दुसरी. मग बऱ्याच वेळाने, आठवून आठवून, तिसरी.

दोर ताणला गेला. मी मागे वळले नाही. वर जाताना मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले आणि ते गुंडाळलेलं डोकं छातीशी धरून ठेवलं, कारण टाकायचं सुचलं नाही.

वर आल्यावर आर्खिप्पाने ते माझ्या हातातून काढून घेतलं. दचकली नाही. 'हे काय' म्हणाली नाही. एका झटक्यात गाठ सोडवली, कवटी ओट्यावरच्या ढिगात ढकलली. पट्टी पाण्यात खळबळून पिळली, झटकली, घडी घातली आणि कमरेला खोचली.

"चांगली लोकर आहे," म्हणाली.

मी त्या पट्टीकडे बघत राहिले. उद्या ती कोणत्या बाळाला बांधणार हे मला विचारावंसं वाटलं.  मी राख घेऊन हात घासायला लागले.

५

दुसरा दिवस उपासाचा. त्या दिवशी बायका जमिनीवर निर्गुडीच्या फांद्या अंथरून बसतात आणि एकमेकींना घाण घाण बोलतात. तीही रीतच आहे. देवी लेकीसाठी रडत होती तेव्हा तिला असल्याच चावट बोलण्याने हसू आलं होतं म्हणे.

"ए तिमाक्सा, तुझ्या लेकाचा नांगर बोथट झालाय का गं? तीनदा नांगरलं, तिन्हीदा मेंढीच!"

"नांगर धड आहे, जमीनच भुसभुशीत!" तिमाक्सा ओरडली. सगळ्या खिंकाळल्या. त्या जमिनीची बहीण तिथंच बसलीय याचं कोणाला काही नव्हतं.

मी पुजारीण दामोजवळ सरकले. दामो फार म्हातारी, तोंडात दोन दात, पण सण तिच्या शब्दावर चालतो.

"दामोआई, पोटात टाळी कोण वाजवतं?"

हसणं थांबलं. एकदम नाही. जवळच्यांचं आधी, मग लांबच्यांचं, अंगणात ऊन सरकतं तसं. म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि कोणीही 'कसली टाळी?' असं विचारलं नाही.

"उपसणारी वाजवते," दामो म्हणाली.

"मी वाजवली नाही."

"मग आर्खिप्पाने ओढायला नको होतं."

"आई, मी विचारतेय कोण..."

"आवाज आलेला बरा असतो, पोरी." दामो निर्गुडीचं पान चुरत होती. "काही वर्षं आला नव्हता. त्या वर्षी जवावर काजळी पडली. आला की बरं वाटतं. म्हणायचं, भूक भागलीय."

"कोणाची?"

"जेवतेस ना तू भाकर? मग जेव आणि गप्प बस."

मी त्यांच्या तोंडांकडे पाहिलं. आया, काकवा, माझ्या आईच्या मैत्रिणी. मला मांडीवर खेळवलेल्या. त्यांच्या तोंडांवर भीती नव्हती. भीती असती तर मला राग आला नसता. पाहुण्यांसमोर पोराने घरातली गोष्ट काढली की आईच्या तोंडावर जे येतं, तेवढंच होतं.

थोड्या वेळाने पुन्हा चावटपणा सुरू झाला. मी फांद्यांवर तोंड फिरवून पडले होते. माझ्या मागे तिमाक्सा हळूच आर्खिप्पाला म्हणाली, "तेलेसोन काही उचलत नाही तिला. उद्या टोपली घेऊन ये."

"उद्या पोळ्यांची टोपली खाली जायचीच आहे," आर्खिप्पा म्हणाली. "वेगळी फेरी कशाला?"

शेवटच्या दिवशी, पोटातलं काढून घेतल्याबद्दल, कणकेच्या नागांची आणि पोळ्यांची टोपली खाली सोडतात. वरचं फडकं न उचलता ती दगडावर ठेवायची असते. ठेवायची कोणी, तर उपसणारीने.

म्हणजे मी.

६

आवाराबाहेर जायची मुभा सणात फक्त सुईणीला असते. सकाळी आर्खिप्पा गेली आणि आली. वहाणांना तांबडी माती नव्हतीच. टोपलीवर पांढरं फडकं होतं.

"तेलेसोनशी बोललीस का, मावशी?" मी विचारलं.

"बोलले."

"काय म्हणाला?"

"बापाचा निर्णय असतो, निकासो. आपण हात आहोत फक्त." तिने माझ्या कमरेचा फास तपासला. मायेने तपासला, हे विशेष. "खाली ठेव आणि लगेच ये. बघत बसू नकोस."

वरून तीन टाळ्या झाल्या. मी उतरले. तळाचा दगड दिसत होता, चिखल पातळ झाला होता. पणती कपारीत ठेवली. टोपली हेलकावे खात खाली आली. मी ती धरली. एका बाजूला जड होऊन कलत होती, पोळ्या अशा कलत नाहीत. फडक्यातून अफूच्या बोंडांच्या पाण्याचा वास आला. बाळ रडू नये म्हणून बोटभर द्यायचं असतं, हेही मला तिनेच शिकवलंय.

फडकं उचललं. फिलिनाची मुलगी झोपली होती, तोंडाला दुधाचा पांढरा डाग. अंगाला बांधलेल्या पट्ट्यांत एक पट्टी पिवळट, धुतलेली.

मी तिला उचललं. माझ्या हातांची घाण तिच्या गालाला लागली. वर घेऊन जायचं, एवढंच ठरलं होतं. पोटातून वर आलेलं कोणी नाकारायचं नाही, नियम तुमचाच. आता तीन टाळ्या द्यायच्या आणि वर.

तेव्हा कळलं की माझे दोन्ही हात गुंतलेले आहेत.

हसू नका. पाच दिवसांचं मूल एका हातात धरता येतं, मला येतं. पण टाळीला दोन हात लागतात. मी मोकळ्या हाताने मांडीवर मारलं. चिखलात दगड पडल्यासारखा आवाज झाला. दोर हलवून उपयोग नाही, तो दिवसभर हलतच असतो. ओरडले तर झाकण पडेल. राहता राहिलं एकच: तिला दोन क्षण दगडावर ठेवायचं.

मी दगडाकडे पाहिलं. डोक्यांच्या ओळीत, कालची कवटी जिथं होती तिथं, जागा रिकामी होती. पुसलेली होती. चिखलात पुसल्याची बोटं उमटलेली. पाच बोटं, बारीक.

मी तिला ठेवलं नाही. मी उभी राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. पणतीतलं तेल संपत आलं आणि वात तडतडायला लागली. वर कोणीतरी खोकलं. बाळाने झोपेत ओठ चोखले.

त्या आवाजाबरोबर समोरच्या अंधारात काहीतरी हललं. वरून पडणारा उजेडाचा गोल ताटाएवढा होता, माझ्या पायांपाशी. त्या गोलात दोन हात आले. फक्त हात. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे असतात तेवढे. पाण्यात फार वेळ राहिल्यावर होते तशी फुगलेली, सुरकुतलेली, पांढरी कातडी. नखं वाढून आत वळलेली. मनगटापर्यंत पट्ट्यांचे वेढे, वेढ्यांवर वेढे, वेगवेगळ्या लोकरीचे, आणि टोक आत खोचलेलं.

हात एकमेकांवर आले. एक. थांबले. दोन. थांबले. माझे हात गुंतलेले म्हणून ते माझ्यासाठी वाजवत होते की दोर आपल्याला मिळावा म्हणून, मला माहीत नाही. तीन.

दोर ताणला गेला आणि माझे पाय सुटले. मी खाली पाहिलं. बघायचं नव्हतं, तरी पाहिलं. हात अजून उजेडात होते. ते आता वर केलेले होते, दोन्ही, बोटं पसरून. उचलून घे म्हणताना मुलं करतात तसे.

७

वर आले तेव्हा सगळ्या बायका गोल करून उभ्या होत्या. मी फिलिनाची मुलगी दोन्ही हातांवर उंच धरली. ती घाणीने माखली होती. जन्मतानाही माखलेलीच असतात.

"पोटातून आलीय," मी म्हणाले. "सुजन्माच्या दिवशी. कोण नाकारतंय, बोला."

आर्खिप्पाच्या तोंडाचा रंग गेला.

"ही... ही रीत नाही," ती म्हणाली.

"दोन मुठी दिल्या होत्यात ना त्या नवरीला? तिमाक्सा, पुढे ये. ही तुझ्या घराची मूठ."

तिमाक्साने दामोकडे पाहिलं. दामोने डोळे मिटले. मग म्हणाली, "घे तिला. आलेलं नाकारायचं नाही. तेलेसोनला सांग, चुलीभोवती फिरव, मी सांगितलंय."

तिमाक्साने हात पुढे केले. कोणीतरी गरम भांडं हातात देतंय अशी तिने ती घेतली. अफू उतरली असावी, नाहीतर म्हातारीचे हात टोचले असावेत. मुलगी रडायला लागली. एवढा मोठा, एवढा संतापलेला आवाज त्या आवारात तीन दिवसांत कोणाचा निघाला नव्हता. मला बरं वाटलं. मी फास सोडून बाजूला झाले, तिथंच खाली बसले.

आणि दामोने, सवयीने, हात उचलला. कोरेचा दोर.

चौघींनी, सवयीनेच, रिकामा दोर खाली सोडला.

मला ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही. हे मी लपवत नाही.

बायका थांबल्या. रडायची तयारी म्हणून कोणी पदर सारखा केला. खालून टाळी आली.

एक.

गोलातली प्रत्येक बाई जागच्या जागी थिजली. मी वर होते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, हात मांडीवर. या वेळी 'तूच दिल्यास' म्हणायला कोणी उरलं नव्हतं.

दोन.

"झाकण!" आर्खिप्पा किंचाळली. "झाकण लोटा, बघत काय बसलात!"

तीन.

तीस वर्षं त्या चौघींचे हात एकच गोष्ट शिकलेत. तीन टाळ्या ऐकल्या की ओढायचं. त्यांनी ओढलं. दोर रिकामा येतो तसा आला नाही. तो ताणला, पोटाच्या तोंडावरच्या तुळईवर करकरला. एकीने हातातला सोडला. दोर घसरायला लागला.

मी उठले आणि तिची जागा घेतली.

"सोड, निकासो!" आर्खिप्पा माझ्या दंडाला लोंबकळली. "सोड गं पोरी, तुझ्या पाया पडते. तुला काही माहीत नाही. तुला माहीत नाही!"

"तूच शिकवलंस, मावशी," मी म्हणाले. "आपण हात आहोत फक्त."

ते जड नव्हतं. दोन पोहऱ्यांएवढंही नाही. दोर हातावर हात घेत वर येत होता आणि त्याला चिखल लागलेला होता, आणि तो कोमट होता. दामो ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती. तिमाक्साच्या हातातलं बाळ एकाएकी रडायचं थांबलं.

कठड्यावर आधी बोटं आली. मग मनगटं, पट्ट्यांसकट. उजेड सहन होत नसावा, बाकीचं अजून तुळईच्या सावलीत होतं.

हात दगडावर चाचपडले. इतक्या बायका होत्या. मी सर्वांत जवळ होते. ते माझ्याकडे वळले नाहीत. ते हवेत उठले, बोटं पसरली, आणि जन्मल्यावर पहिल्यांदा त्यांना जिने उचललं होतं, तिच्याकडे, आर्खिप्पाकडे, झेपावले.